दादाला दिसलेली देवी

माझा थोरला भाऊ दौंडला रेल्वेत फिटर होता. इंजिनात बिघाड कुठं आहे ते नुसत्या आवाजावरून सांगायचा. निवृत्त होऊन वडगाव रासाईला शेतावर राहायला गेला आणि दुसऱ्याच वर्षी डेंग्यू होऊन दौंडच्या एका दवाखान्यात पडला. तिसऱ्या दिवशी, ताप एकशेचारवर असताना, त्याला देवी दिसली.

मी शिरूरला शाळेत विज्ञान शिकवत होते. भेटायला गेले तर तो उशीला टेकून बसलेला, डोळे भरलेले.

"समोर हुबी होती," तो म्हणाला. "हिरवं लुगडं, कपाळभर मळवट, उजव्या नाकात नथ. म्हनली, ऊठ, तुझं काम हाय अजून."

नथ आपल्याकडं डाव्या नाकात घालतात. उजव्या नाकात नथ असलेली देवी मी एकाच ठिकाणी पाहिली होती, त्याच्याच स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर. छापणाऱ्यानं चित्र आरशातल्यासारखं उलटं छापलं होतं. मी तसं सांगितलं. वहिनीनं माझ्याकडं असं पाहिलं, जणू मी सलाईनच उपटलंय.

दादा शांतपणे म्हणाला, "मग? मला वळखू यावी म्हनून तशी आली आसंल."

चित्राशी जुळलं तर देवीची कृपा, नसतं जुळलं तर देवीचं खरं रूप. असला पुरावा मी नववीतल्या पोरांच्या प्रयोगवहीतसुद्धा चालवून घेतला नसता.

तो घरी आल्यावर उरलेलं काम गावानं केलं. महिन्याभरात देवीबरोबर वाघ आला, मग कापराचा वास आला, मग ती शेजारच्या खाटेवरच्या पेशंटलाही दिसली. तो पेशंट कोण, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. रस्त्यातल्या खड्ड्यांसाठी कधी न फिरकलेले पंचायतीचे सदस्य हार घेऊन आले. दर मंगळवारी पडवीत सतरंजी पडू लागली आणि दादा मुकाट्यानं तिच्यावर बसू लागला. माझा खरा राग त्याच्यावर होता.

एका मंगळवारी मी तिथंच होते. वस्तीवरची एक बाई दादापुढं आली.

"आप्पा, मला फिटच्या गोळ्या चालू हायेत. दोन वर्सं फिट आली न्हाई. आता सोडू का? देवीला इचारा की."

मी तोंड उघडणार, तेवढ्यात दादाच बोलला. "बाई, देवी माझ्याशी माझ्यापुरतं बोलली. तुझ्या गोळ्यांचं काय बी म्हनली न्हाई. डॉक्टरला इचार. आन् तवर एक बी गोळी चुकवू नको."

मग तो उठला आणि सतरंजी गुंडाळायला लागला. लोक चुळबुळत पांगले. पुढच्या मंगळवारी आलेल्यांना त्यानं चहा पाजून परत पाठवलं. मास्तरणीनं देवी घालवली, असं गावात अजून म्हणतात.

त्या देवीवर माझा आजही काडीचा विश्वास नाही. तापलेल्या डोक्याला घरचंच चित्र सापडलं, बस्स. पण आजारपणानंतर दादा वहिनीवर एकदाही ओरडला नाही. आधी चाळीस वर्षं ओरडत होता.

"यानं देवी सिद्ध होत नाही," मी वहिनीला म्हणाले. "मरणाला भिऊन माणूस सुधारतो."

"व्हय, तसं बी आसंल," ती भाकरी थापत म्हणाली. "मला कुठं काय सिद्ध करायचंय?"