वाळूची खच्चून भरलेली गड्डी

पोशेऱ्याच्या वाळू डायवरची काळीपिवळी जीप मोखाड्याहून जव्हारला निघते, तेव्हा तिच्यात नेमकी किती माणसं आहेत हे विचारू नये. वाळूलाही ते सांगता येणार नाही. शेवटचा माणूस चढला, दार ओढून घेतलं, इंजिन सुरू झालं, की हमखास कुणीतरी पिशवी सांभाळत पळत येतं आणि वाळू खिडकीतून मान काढून म्हणतो, "या, या, होईल जागा." आतले लोक कुरकुरतात, सरकतात, आणि खरोखरच जागा होते. वर्षानुवर्षं हेच चाललं आहे. 'नाही' हा शब्द वाळूच्या तोंडून निघतच नाही.

आता असा माणूस पत्त्यांच्या नादी लागला तर काय होईल? तेच झालं.

पत्ते म्हणजे रमीचे नव्हेत. जव्हारला एसटी डेपोजवळ विनोदचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. विनोद काही वर्षं ठाण्यात कामाला होता, तिथून तो 'रानयुद्ध' नावाचा खेळ शिकून आला. याचे पत्ते बंद पाकिटांतून विकत मिळतात. कुणावर वाघीण, कुणावर घुबड, कुणावर चेटकीण, आणि प्रत्येकाच्या अंगी काही ना काही करामत. जमवलेल्या पत्त्यांतून ज्याने त्याने स्वतःची गड्डी रचायची आणि समोरच्याशी भिडायचं. खरी गंमत त्या रचण्यातच. रविवारी दुपारी विनोदच्या दुकानात डाव रंगायचे, आणि जीप भरेपर्यंत वाळूला दुसरा उद्योग नसायचा. आधी तो नुसता बघायचा. मग इतरांनी बिनकामाचे म्हणून टाकलेले पत्ते उचलू लागला आणि पुरता अडकला.

नियम असा, की गड्डीत निदान चाळीस पत्ते हवेत. जास्त कितीही चालतील. पण शहाणा खेळाडू चाळिसाच्या वर एकही घेत नाही, कारण गड्डी जितकी लहान तितका हवा तो पत्ता लवकर हाती येतो. वाळूची गड्डी त्याच्या दुपटीहून मोठी. एका हातात मावायची नाही, आणि पिसताना निम्मी जमिनीवर सांडायची.

"काका, अर्धे काढून टाका ना," नर्सिंग शिकणारी सपना त्याला सांगायची. "हा चिखलातला खेकडा कशाला ठेवलाय? त्याच्यानं काय होतं?"

"काय नाय होत," वाळू कबूल करायचा. "पण बसलाय बिचारा. त्याला उतरवू कसा?"

म्हणून तो हरायचा, आणि हरल्यावर सगळ्यांत मोठ्यानं हसायचाही तोच.

दिवाळीनंतर नाशिकला तिघातिघांच्या संघांची स्पर्धा ठरली, तेव्हा मात्र त्याचं हसू थांबलं. विनोद आणि सपना जाणार हे पक्कं होतं. तिसरा कोण, याची चर्चा चालली होती. विनोद सहज म्हणाला, "वाळूदादा तर येणारच आहेत. त्यांचीच जीप न्यायचीय." सगळ्यांनी माना डोलावल्या. वाळूनंही डोलावली, पण ते त्याच्या मनाला फार लागलं.

आजवर त्यानं कुणाकुणाला कुठं कुठं नेलं होतं! मुलांना परीक्षेला, मुलींना धावण्याच्या स्पर्धेला, आणि वऱ्हाडांचं तर विचारूच नका. माणसं आत जायची आणि वाळू फाटकाबाहेर जीपमध्ये बसून राहायचा. आतून टाळ्या ऐकू आल्या, की त्या कुणासाठी हे येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारायचा. त्याची कधी तक्रार नव्हती. पण या वेळी त्याला आत बसायचं होतं, टेबलाशी, खुर्चीवर, स्वतःची गड्डी घेऊन. मनात ठेवणं त्याला जमत नाही. त्यानं ते तिथल्या तिथं बोलून टाकलं.

"मना बी खेळायचाय, विनोद. नुसता डायवर नको करू मना."

विनोद मनानं वाईट नव्हे, पण जिंकायची हौस त्यालाही होती. "दादा, नाशिकला सध्या सगळे 'उपसा' खेळतात," तो म्हणाला. उपसा म्हणजे समोरच्यावर हल्ला करायचाच नाही, त्याच्या गड्डीतले पत्ते भराभर बाहेर टाकायला लावायचे. दर खेपेला पत्ता उचलावाच लागतो. उचलायला गड्डीत पत्ता उरला नाही की माणूस हरला. सपनाचा चुलतभाऊ पंकज नाशिकला कॉलेजात होता. सुट्टीत येताना तो असलीच गड्डी घेऊन आला होता आणि त्यानं विनोदला नि सपनाला धूळ चारली होती. "पुढच्या रविवारी तुम्ही आणि पंकज खेळा. जिंकेल तो तिसरा. पण आधी त्या गड्डीतली गर्दी कमी करा."

वाळूनं घरी अंगणात पत्ते मांडले. त्याची बायको रखमी जवळच नाचणी पाखडत बसली होती.

"सकाळी काढलेलास तो खेकडा परत कसा आत गेला?" तिनं विचारलं.

"चुकून."

"चालत गेला असल!" म्हणून रखमी सूप बाजूला ठेवून हसत सुटली.

शेवटी कशीबशी चाळिसाची गड्डी झाली. सपनाशी खेळून पाहिली, तर तो असा हरला की तिलाच वाईट वाटलं. गड्डीत एकाहून एक चांगले पत्ते होते, पण त्यांच्याशी वाळूची ओळखच नव्हती. त्या दिवशी जव्हारहून परतताना त्यानं एकदाही हॉर्न वाजवला नाही.

मग मोखाड्याचा बाजार आला. ही तोबा गर्दी! परतीची माणसं साऱ्या बाजारात पांगलेली, गोदी सुक्या मासळीपाशी, ढवळू न्हाव्याकडे. वाळू जीपच्या टपावर चढला आणि तोंडाशी हात धरून त्यानं आरोळी ठोकली, "ए गोदीऽऽ! ढवळूऽऽ! चला!" आणि त्या गर्दीतून नेमकी तीच दोघं निघून आली. ढवळूची अर्धी दाढी राहिली होती. वाळू टपावर तसाच उभा. गर्दी कितीही असू दे, हाक मारता आली की हवा तो माणूस येतोच की! खाली उतरायचंही त्याला सुचेना.

रानयुद्धात 'हाकारा', 'साद' आणि 'शीळ' असे पत्ते आहेत. ते टाकले की सगळी गड्डी शोधून हवा तो पत्ता हातात घेता येतो. बदल्यात त्या खेपेला हल्ला करता येत नाही. लहान गड्डीत त्यांना कुणी विचारत नसे. विनोदच्या दुकानात खोकंभर पडून होते. वाळूनं ते सगळे मागून आणले. मग काढलेले पत्तेही परत भरले, खेकड्यासकट.

रविवारी ती गड्डी बघून पंकजला हसू आवरेना. "काका, उचलायला माणूस लावू का?"

"तू उपस," वाळू म्हणाला.

पंकज उपसू लागला. पत्त्यांमागून पत्ते बाहेर पडत गेले. एव्हाना समोरच्या गड्डीचा तळ दिसायला हवा होता, पण वाळूची गड्डी अर्धीही होईना. पंकजचे उपसणारे पत्ते संपत आले, आणि पत्ते उचलून उचलून त्याची स्वतःची गड्डीही आटत चालली. वाळूला कसली घाई नव्हती. त्यानं हाकारा टाकून वाघीण बोलावली, साद घालून तिच्यापुढं तटबंदी उभी केली, शीळ मारून घुबड आणलं. पंकजला वाटच राहिली नाही. शेवटी त्यानं पत्ता उचलायला हात नेला, तर हाताखाली नुसतं टेबल.

"संपली?" वाळूनं काळजीनं विचारलं.

"संपली!" म्हणत पंकजनं मोकळ्या मनानं हात पुढं केला. "काका, तुम्हीच जा. मी बघायला येतो." सपना टाळ्या पिटत सुटली आणि विनोदनं वाळूला कडकडून मिठी मारली.

स्पर्धेच्या दिवशी नाशिकच्या वाटेवरचा तोरंगणचा घाट वाळू गात गात चढला. नाशिकच्या हॉलमध्ये बसण्याआधी त्यानं खुर्ची रुमालानं पुसून घेतली. पहिल्या फेरीत विनोद हरला, सपना जिंकली, आणि वाळूच्या समोरचा उपसून उपसून थकला नि हरला. भोवती गर्दी जमली, टाळ्या झाल्या. त्या आपल्याच आहेत हे समजायला वाळूला जरा वेळ लागला.

मग मध्यंतर झालं, लोक पांगले, आणि सवयीनं घात केला. माणसं उठली की वाळूचे पाय जीपकडेच वळतात. तो बाहेर आला, काच पुसली, आत बसला आणि त्याचा डोळा लागला.

"काका!" सपना धापा टाकत आली. "इथं काय करताय? फेरी सुरू झालीय!"

वाळू धावत आत आला. त्याच्या रिकाम्या खुर्चीसमोर चांदवडच्या एक शिक्षिका बसल्या होत्या. पंचांनी त्यांना सांगितलं होतं, समोरचा आला नाही तर डाव तुमचा. त्या म्हणाल्या होत्या, "नको. येऊ दे त्यांना, मी थांबते." आणि त्या थांबल्या होत्या. पंच थांबले होते, विनोद खुर्ची धरून उभा होता, नि पंकज दाराकडे डोळे लावून होता. माणसांसाठी थांबण्यात वाळूचा सारा जन्म गेला होता. आपल्यासाठी कुणी थांबलेलं तो पहिल्यांदाच बघत होता.

"सावकाश बसा," बाई म्हणाल्या. "घाई नाही."

वाळू बसला. त्याला इतका आनंद झाला होता, की गड्डी पुढ्यात ठेवून तो नुसता एकेकाच्या तोंडाकडे बघत राहिला, आणि पहिला पत्ता उचलायची आठवण शेवटी त्या बाईंनाच करून द्यावी लागली.