बॅकहँडला ओळंबा

टेबल टेनिस मी आयुष्यात एकदाही खेळलेलो नाही, त्यामुळं त्यातलं मला सगळं समजतं.

शाळा तिसरीपर्यंत, पुढं चाळीस वर्षं गवंडीकाम. युसूफ वडगाव या आमच्या गावात माझ्या हातची एक भिंत वाकडी दाखवा, मिशी उतरवून देतो. (मिशीत आता उतरवण्याजोगं फार राहिलेलं नाही, पण बोललो ते बोललो!) अशा माणसाच्या घरात नातीचा बॅकहँड वाकडा निघाला, तर त्यानं गप्प बसावं कसं?

नात दीक्षा, आठवीत. शाळेत खेळाच्या मॅडमकडं टेबल टेनिस शिकते. एका संध्याकाळी पोरगी जेवायला बसली आणि भाकरीचे नुसते तुकडे करत राहिली.

"काय झालं गं?"

"आबा, डाव्या अंगाला चेंडू आला की माझं कोपर हलतंय, मंग चेंडू वर उडतोय. मॅडम म्हणल्या, आठ दिवसांनी बीडला जिल्ह्याच्या संघाची निवड हाय. एवढं सुधारलं तरच जागा मिळंल."

"मंग काय कर म्हणल्या?"

"आरशापुढं उभं राहून रोज दोनशे वेळा हात फिरवायचा. हळू. कोपर जागेवर ठिवून."

"आरसा? आरशात बघून कुणाचं काय सुधरलंय? मी रोज बघतो की!"

लगेच उठून हत्यारांच्या पिशवीतून ओळंबा काढला. ओळंबा म्हणजे दोरी आणि खाली लोखंडी वजन. भिंत सरळ आहे का ते सांगतो. आता भिंतीला चालतो, तो कोपराला का चालू नये? दीक्षाच्या कोपराला बांधला. म्हणलं, "मार! दोरी हालली न्हाई पायजे."

पहिल्या फटक्याला वजन तिच्या गुडघ्यावर बसलं. दुसऱ्याला माझ्या चष्म्यावर. तिसऱ्याला दोरीनं आम्हा दोघांना असा वेढा घातला, की बायकोला चूल सोडून यावं लागलं.

"अवो, पोरीला कावून बांधून घेतलंय?"

"टेक्निक हाय!"

"कुणाची?"

"माझी!"

"मंग विळी आणते. दोरी कापल्याबिगर सुटायची न्हाई ही."

दोरी कापली गेली, पण माझं डोकं थांबेना! रात्रभर विचार केला आणि सकाळी उत्तर सापडलं. बॅकहँड म्हणजे दुसरं काय? भिंतीवर गिलावा मारणं! थापीवर माल घ्यायचा, कोपर अंगाशी, मनगटाला झटका, आणि फटाक! घमेल्यात सिमेंट-वाळू कालवली, पोरीच्या हातात थापी दिली आणि मागच्या भिंतीपुढं उभी केली.

"आबा, मॅडमनी असं न्हाई सांगितलं."

"मॅडमनी किती घरं बांधली?"

पोरीनं थापीवर माल घेतला. आणि काय सांगू, रक्त शेवटी गवंड्याचं! पाचव्या फटक्याला माल असा बसायला लागला, की मला हर्षवायूच झाला. "अजून जोरात! मनगट! मनगट!" असं मी ओरडतोय, तेवढ्यात कोपऱ्यावरून सूनबाई मधे आली, हातात धुतलेली साडी, बचत गटाच्या मीटिंगला नेसायची. फटाक! गिलावा साडीवर इतका एकसारखा बसला, की वरून थापी फिरवायची गरज नव्हती.

"आबा!"

"सूनबाई, मनगट बघितलं का?"

"बघितलं. आता ही साडी तुमी बघा."

साडी मी धुतली. सिमेंट धरायच्या आत धुवावं लागतं, हे चाळीस वर्षांचं ज्ञान तिथं कामाला आलं. पण सराव थांबवला नाही. आठ दिवसांत मागची भिंत चार बोटांनी जाड झाली.

बीडला मी आणि दीक्षा मॅडमबरोबर गेलो. शेवटच्या जागेसाठी पाच गेमचा एकच सामना होता, जिंकेल ती संघात. मॅडमशेजारची खुर्ची मी न विचारता धरली. (शिकवणारे दोघं होतो, मग खुर्च्याही दोन हव्यात.) डाव्या अंगाला चेंडू आला. दीक्षानं मनगटाला झटका दिला. चेंडू सरळ वर, बंद पंख्यावर! दुसरा पंचाच्या मांडीवर. तिसरा प्रेक्षकांतल्या एका बाईच्या पोह्यांच्या डब्यात!

भिंत उभी असते आणि टेबल आडवं असतं, हा बारीकसा फरक माझ्या लक्षातच आला नव्हता.

पाहता पाहता दोन गेम गेले. मॅडमनी कपाळाला हात लावला. "दीक्षा, हे तुला कुणी शिकवलं?"

पोरीनं माझ्याकडं बघितलं. मी पंख्याकडं बघितलं.

तिसरा गेम सुरू झाला. मला वाटलं, जोर कमी पडतोय. चेंडू खेळात असतानाच मी उभा राहिलो आणि गरजलो, "माल कमी पडतोय! भर थापी!"

पंचांनी पिवळं कार्ड दाखवलं. माणूस कार्ड देतोय म्हणल्यावर मी पुढं गेलो, त्यांच्या हातातून घेतलं, मान लववली आणि खिशात घातलं. सगळा हॉल हसायला लागला.

"आजोबा, ते परत द्या!"

दिलं. दोन पॉइंट मी गप्प होतो. तिसऱ्याला तोंडातून "मनगट!" निसटलं. आता लाल कार्ड.

"हे तरी ठिवू का?"

"हे बघा आणि बाहेर जा!"

बाहेर पायरीवर बसलो. आतून टाळ्या ऐकू येत होत्या, पण कुणासाठी ते कळेना. पोरीची जागा माझ्यामुळं जाणार, असं वाटत राहिलं. बऱ्याच वेळानं दार उघडलं आणि घामानं निथळलेली दीक्षा पळत आली.

"आबा! तीन-दोन! झाली निवड!"

"म्हणलं न्हवतं? बसला ना गिलावा!"

"न्हाई ओ. तुमी गेल्यावर मॅडमनी सांगितलं तसं मारलं."

"मंग आधीच कावून न्हाई मारलं, येडे?"

"तुमी समोर बसलेलता. तुमाला वाईट वाटलं असतं."

लाल कार्डानं जे झालं नव्हतं, ते या बोलण्यानं झालं. माझ्या तोंडून शब्द फुटेना!

आता पुढच्या महिन्यात विभागाचे सामने आहेत. मॅडम म्हणाल्या, आबा घरी राहिले तर बरं. पण दीक्षानं हट्ट धरला, "आबा येणार. आतच बसणार. फक्त तोंड उघडायचं न्हाई."

मी शब्द दिलाय. रोज संध्याकाळी ओट्यावर गप्प बसायचा सराव करतो, बायको घड्याळ घेऊन समोर बसते. आजवरचा माझा विक्रम चार मिनिटांचा आहे, तोही त्या दिवशी तोंडात भाकरी होती म्हणून!