हात दिसला, आवाज आला नाही

विजेच्या चौथ्या खांबापाशी मी बसकण मारली. छावणीतला तो रस्ता सरळसोट होता. सकाळची वेळ, रहदारी नाही. पुढे धावणारे पाचही जण आपापसात गप्पा मारत निघून गेले. माझा दम मात्र संपला होता आणि तोंडाला लोखंडाची चव आली होती. मागून सायकलवरून आम्हाला शिकवणारे उस्ताद आले. एक पाय जमिनीवर टेकवून त्यांनी मला नीट बघून घेतलं.

"क्या हुआ, चैंपियन?"

मी म्हणालो, "पेट में दर्द है, उस्ताद."

हे खोटं होतं. आणि चॅम्पियन ही पदवी मला मिळाली होती ती त्याहून मोठ्या खोट्यामुळे.

मी भंडारा जिल्ह्यातला. आठवीत शाळा सोडली. आणीबाणी उठल्याच्या पुढच्या वर्षी आमच्याच तालुक्यातल्या खोब्रागडे साहेबांनी मला लखनौला बोलावून घेतलं. ते तिथल्या एका सरकारी कारखान्यात पर्सोनेल ऑफिसात होते. कारखान्याच्या फायर सेक्शनमध्ये सहा जागा होत्या. शिक्षण आठवी चालत होतं, पण माणूस धावणारा हवा होता. इंटरव्ह्यूत फायर ऑफिसर सक्सेना साहबांनी विचारलं, "दौड़ते हो?" खोब्रागडे साहेब शेजारीच बसले होते. त्यांची मान खाली जाईल असं काही माझ्या तोंडून निघू नये, एवढंच मला कळत होतं. मी म्हणालो, "स्कूल में हर साल फर्स्ट आता था."

साहेबांनी पाठीवर थाप मारली. "आमच्याकडचं पोरगं आहे," असं अभिमानानं सगळ्यांना सांगितलं. शाळेत मी कधी स्पर्धेत उभाही राहिलो नव्हतो.

नोकरी लागली ती प्रोबेशनवर. म्हणजे सहा महिने बघणार, पसंत पडलात तर पक्के करणार, नाही तर घरी. शेवटी एक मैल सात मिनिटांत धावायचा आणि नंतर इन्स्पेक्शनचं ड्रिल. गावी परत जाऊन आईला काय सांगायचं, हा विचार रोज डोक्यात असायचा. त्यामुळे मी काय करायचो, तर बाकीचे यायच्या आधी एकटाच मैदानावर जाऊन जीव खाऊन पळायचो. जास्त जोरात पळालं की दम वाढतो, अशी माझी समजूत होती. महिनाभरात दम वाढला नाही, पिंडऱ्या मात्र सुजल्या.

उस्ताद फौजेतून हवालदार म्हणून रिटायर झालेले. त्यांनी सायकल कडुलिंबाला टेकवली आणि माझ्या शेजारी बसले.

"देखो बेटा, तुम घोड़े की तरह निकलते हो, और गधे की तरह बैठ जाते हो. कल से दो खंभे दौड़ो, एक खंभा चलो. और मुँह बंद नहीं रखना, बोलते रहना. जहाँ बोली टूटे, वहाँ चाल कम."

म्हणजे धावताना बोलता आलं पाहिजे. बोलता येत नसेल तर आपण आपल्या दमापेक्षा जास्त जोरात धावतोय. इतकी साधी गोष्ट. पण हळू धावणं मला फार लाजिरवाणं वाटायचं. चॅम्पियन आणि दोन खांबांनंतर चालतोय!

बोलायचं काय, हाही प्रश्न होता. माझी हिंदी तेव्हा तुटकी. मग मी पाढे म्हणायला लागलो. बे एके बे, बे दुणे चार. पहिल्या आठवड्यात चाराच्या पाढ्यात श्वास तुटला. माझ्या बरोबरीनं रामसुमेर धावायचा. मलिहाबादचा, माझ्याहून सात-आठ वर्षांनी मोठा, आंब्याच्या बागांत काम केलेला. तो कधीच जोरात धावायचा नाही आणि कधीच थांबायचा नाही.

"भैया, ये कौन सा मंतर है?" त्यानं विचारलं.

"पहाड़ा है."

"तो हमें भी सिखाओ. धुन अच्छी है."

पुढच्या आठवड्यात छावणीतल्या रस्त्यानं एक मराठी आणि एक अवधी माणूस मोठ्यानं "तीन त्रिक नऊ" म्हणत चालला आहे, हे बघून मेसमधले कुक गेटपर्यंत यायचे. दर आठवड्याला उस्ताद एक खांब वाढवायचे. मग दोनाऐवजी तीन, तीनाऐवजी चार. तिसऱ्या महिन्यात चालणं बंदच झालं. बाराचा पाढा न तुटता होऊ लागला. त्यापुढचे शाळेत मला कधी पाठच झाले नव्हते. मैलाची टेस्ट मी सात मिनिटांच्या आत पास झालो. सहा जणांत चौथा.

खरं तर इथं सगळं ठीक व्हायला हवं होतं. पण संध्याकाळी आपल्या घरी जेवायला बसल्यावर खोब्रागडे साहेब म्हणाले, "चौथा काऊन रे? तू तं पहिला येत होतास ना?" भाकरी वाढत वहिनी म्हणाल्या, "पास झाला ना जी पोरगा, खाऊ द्या त्याले." मी मान खाली घालून भाकरी खाल्ली. इन्स्पेक्शनच्या ड्रिलला साहेब स्वतः बघायला येणार होते. तिथं दाखवून देऊ, असं मी ठरवलं.

ड्रिल काय असतं ते सांगतो. जमिनीखालच्या पाइपाला जागोजागी तोंडं असतात, त्याला हायड्रंट म्हणतात. घंटा झाली की दोघांनी स्टेशनपासून हायड्रंटपर्यंत धावायचं. आमचं अंतर पाव मैलाचं होतं. एक जण होज, म्हणजे कापडी पाइप, हायड्रंटला जोडतो आणि पाणी चालू-बंद करायच्या चाकापाशी थांबतो. दुसरा होजचं दुसरं टोक घेऊन पुढं जातो आणि त्याला ब्रँच लावतो. ब्रँच म्हणजे पाणी सोडायची पितळी तोटी. ब्रँच खटकन बसली की तो हात वर करतो आणि ओरडतो, "वॉटर ऑन!" हात आणि आवाज, दोन्ही. दोन्ही मिळाल्याशिवाय चाक फिरवायचं नाही. कारण पाण्याला इतका जोर असतो की न बसलेली ब्रँच बंदुकीच्या गोळीसारखी उडते.

चाकापाशी मी होतो. ब्रँच सुमेरकडे.

घंटा झाली. साहेब सक्सेना साहबांच्या शेजारी खुर्चीत बसलेले मला दिसले. आणि मी घोडा झालो. चार महिन्यांत उस्तादांनी शिकवलेलं सगळं पहिल्या पन्नास पावलांत संपलं. सुमेरला मागं टाकून मी हायड्रंटला पोचलो. होज जोडली कशी ते मला आठवत नाही. डोळ्यांपुढं काळं-पिवळं होत होतं आणि कानांत रक्ताचे ठोके एवढे मोठे वाजत होते की दुसरं काही ऐकू येत नव्हतं. सुमेर त्याच्या चालीनं आला, टोक घेऊन पुढं गेला, वाकला. मग मला त्याचा हात वर गेलेला दिसला.

मी चाक फिरवलं.

ब्रँच बसली नव्हती. सुमेरचं हेल्मेट डोळ्यांवर घसरलं होतं, ते वर सारायला त्यानं हात उचलला होता. ब्रँच उडाली ती थेट त्याच्या उजव्या मनगटावर. होज सापासारखी आपटायला लागली. चाक बंद केलं ते उस्तादांनी. मी नुसता उभा होतो.

तिसऱ्या दिवशी चौकशी झाली. सक्सेना साहबांनी मला विचारलं, "सिग्नल मिला था?"

"हाथ ऊपर था, साहब."

यात एक शब्दही खोटा नव्हता. मी तेवढ्यावरच थांबलो. आवाजाचं त्यांनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. मग हाताला प्लास्टर बांधलेल्या सुमेरला विचारलं. तो म्हणाला, "हाथ तो हमने उठाया था, साहब. ये हमारी ही गलती है." उस्ताद भिंतीला टेकून उभे होते. ते माझ्याकडे बघत राहिले.

सुमेरला वॉर्निंगचं पत्र मिळालं आणि त्याचं प्रोबेशन वाढलं. मला पक्कं झाल्याचं पत्र मिळालं. वहिनींनी शिरा केला.

जूनमध्ये मी बसनं मलिहाबादला गेलो, सुमेरला भेटायला. दशहरी आंब्यांचा हंगाम. सगळं घर बागेत होतं आणि हा प्लास्टरचा हात मांडीवर घेऊन खाटेवर. झाडावर चढून तोडायला त्याच्यासारखा माणूस नव्हता, असं त्याची आई म्हणाली. मग मला निरखून म्हणाली, "तुम्हीं हो वो मंतर वाले भैया? दिन भर तुम्हारी ही बात करता है." तिनं बादलीत गार केलेले आंबे पुढं ठेवले. मी सांगायला गेलो होतो. प्रत्येक आंब्यानंतर सांगणार होतो. पाच आंबे खाल्ले आणि परतीची बस पकडली.

त्या बसमध्ये मला माझी जितकी किळस आली, तितकी पुढं कधी आली नाही.

दुसऱ्या दिवशी खोब्रागडे साहेबांकडे गेलो आणि उभ्याउभ्याच सगळं सांगून टाकलं. आवाज आला नव्हता. आला असता तरी मला ऐकू आला नसता. साहेबांनी चष्मा काढला.

"आता? लेटर हाती आल्यावर?"

"हो साहेब."

"आणि शाळेत पहिला येत होतास, ते?"

"धावलोच नाही साहेब कधी."

त्यांनी चष्मा पुन्हा घातला. वहिनी दारात उभ्या होत्या. मग साहेब म्हणाले, "तुझ्यासाठी मी शब्द टाकला होता, सुखदेव. उद्या सक्सेनाले लेखी दे. मी घेऊन जाणार नाही. तू आपल्या पायानं जा."

मी हिंदीत अर्ज लिहिला. अर्ध्या पानाला रात्र गेली. त्यात 'आवाज नहीं सुनी' असं लिहिलं. सक्सेना साहबांनी दोनदा वाचला आणि आधीच्या फाइलीत लावला. माझं पक्कं झाल्याचं पत्र रद्द झालं, प्रोबेशन एक वर्षानं वाढलं. नोकरी गेली नाही, ती उस्तादांमुळे. "अब ये रुकना सीखेगा," एवढंच ते सक्सेना साहबांना म्हणाले, असं मागाहून कळलं. सुमेरचं वॉर्निंगचं पत्र मागं घेतलं आणि त्याला पक्कं केलं. साहेबांनी पुढचे तीन महिने मला घरी बोलावलं नाही.

सुमेर कामावर आला त्या दिवशी मी त्याच्यापुढं जाऊन उभा राहिलो. त्याला सगळं कळलं होतं.

"उस दिन बताने आए थे?"

"हाँ."

"तो आम काहे खाए?"



त्याचं मनगट पुरतं वळलं नाही. चाक किंवा ब्रँच त्याला पुन्हा धरता आली नाही. त्याला वॉच रूममध्ये घातलं, जिथं फोन घेतात आणि घंटा वाजवतात. मी पुढच्या वर्षी पक्का झालो आणि रिटायर होताना लीडिंग फायरमन होतो. मधल्या काळात नव्या मुलांच्या कितीतरी बॅच आल्या. दर बॅचमधला कोणीतरी सुमेरला विचारायचाच, की चाचा, डायल डाव्या हातानं का फिरवता? सुमेर माझ्याकडे बोट करायचा. "इनसे पूछो."

मग मला सांगावं लागायचं. सगळं, पहिल्यापासून, त्याच्यासमोर. मी घाईत काही गाळलं तर तो रजिस्टरमधून मान वर न करता म्हणायचा, "हेल्मेट वाली बात रह गई." ती सांगून झाली की मी पोरांना दोन गोष्टी सांगायचो. धापा टाकत पहिला पोचलेला माणूस हायड्रंटपाशी काही कामाचा नसतो. आणि कानांत ठोके वाजत असतील तर चाकाला हात लावू नका, आधी श्वास खाली येऊ द्या. पाणी कुठं जात नाही.