माणसं वर, कागद खाली

वासंतीताई गेल्याचं मला खरवईहून तिच्या शेजाऱ्यांनी कळवलं आणि मी चपला शोधत असतानाच दुसरा फोन आला, तो उल्हासनगरच्या सिंधी टेकूभाईंचा. ताई त्यांच्या इमारतीचं काम बघत होती. त्यांना काहीच माहीत नव्हतं. "साईं, तेरी बहन फोन नहीं उठाती. उसको बोल, हाँ या ना, आज कुछ तो बोल दे." मी सांगितलं. ते म्हणाले, "कल तो इधर खड़ी थी," आणि फोन तसाच चालू ठेवून सुनेला हाका मारू लागले. त्याला आता काही आठवडे होऊन गेलेत.

मी अंबरनाथला राहतो, लोकांचे हिशेब तपासतो. ताई माझी मोठी बहीण, स्ट्रक्चरल इंजिनीअर. कुठला मजला किती वजन पेलेल हे ठरवणं तिचं काम, आणि त्यातही तिला ऑफिसांचा नाद. ती म्हणायची, घरातलं वजन जागचं हलत नाही, पलंग एकदा घातला की घातला. ऑफिसातली माणसं मात्र वाहत असतात. सकाळी पसरलेली, दुपारी डब्यांसाठी एका टेबलाभोवती, आणि सत्यनारायणाला तर सगळी एकाच कोपऱ्यात, वर गल्लीतले शेजारीही प्रसादाला आलेले. म्हणून नव्या जागेत गेली की खुर्च्या मोजायच्या आधी ती विचारायची, "पूजा कुठे मांडता?" लोकांना वाटायचं बाई भाविक आहे. तशी ती अजिबात नव्हती. पुस्तकातला आकडा तिला पाठ होता, ऑफिसला चौरस मीटरमागे साधारण अडीचशे किलो, फायलींच्या खोलीला त्याच्या दुप्पट. पण तो धरण्याआधी ती रिकाम्या हॉलच्या मधोमध डोळे मिटून उभी राहायची. मी कधीमधी टेप धरायला सोबत जायचो. दुपारचं ऊन लादीवर तिरपं आलेलं, त्यात धूळ अगदी सावकाश खाली बसते आहे, खालच्या गल्लीतले आवाज पाण्याखालून यावेत तसे येताहेत… आणि त्या उजेडात ताई. एकदा कंटाळून मी म्हटलं, "निघायचं ना?" तर म्हणाली, "थांब रे. अजून सगळे आले नाहीत." मी खरंच दाराकडे वळून बघितलं होतं.

टेकूभाईंची इमारत जुनी. तळमजल्यावर, रस्त्याला लागून, त्यांची गादी. पांढरी चादर, तक्क्या, समोर उघडी गल्ली. लग्न झाल्यापासून ते तिथेच बसत आले. कुणाचं भांडण मिटवायचं, कुणाच्या मुलीसाठी स्थळ विचारायचं, सगळं त्या गादीवर. दुसऱ्या मजल्यावर पूर्वी त्यांचं घर होतं, तिथे आता विमा एजन्सीच्या जुन्या फायली कपाटांतून भरलेल्या. एजन्सी चालवते त्यांची सून कविता. तिची भाड्याची जागा मालकाने परत मागितली होती आणि तिला हाताखालच्या मुलींना घेऊन या दुसऱ्या मजल्यावर यायचं होतं. भिंतीला फायली, मध्ये टेबलं. एवढं चालेल का, इतकंच ताईने सांगायचं होतं.

ती तीनदा जाऊन आली. शेवटी गादीसमोर उभी राहून म्हणाली, "घर म्हणून बांधलेला स्लॅब आहे हा. एकतर माणसं, नाहीतर कागद. दोन्ही वर नाही."

"थोड़ा कम-जास्ती कर ना, बहन. उल्हासनगर में फिक्स रेट किधर होता है?"

"वजनाला भाव नसतो, टेकूभाई. फायली खाली आणा."

"खाली मैं बैठता हूँ."

"म्हणूनच सांगतेय. तुम्ही वर बसा."

"घुटना तेरा बाप देगा?"

ताई हसली. "माझा बाप गेला. त्याचेही दुखायचे."

कविता दारात उभी होती. ती एवढंच म्हणाली, "पप्पा, मग या मुलींना मी घरी बसा म्हणून सांगू का?" टेकूभाई गल्लीकडे बघत राहिले. फायली फेकायला ते तयार नव्हते, कारण वर्षानुवर्षांनीसुद्धा कुणाची तरी विधवा जुना कागद विचारत येते, आणि तो मिळतो.

त्या संध्याकाळी ताईने फोन करून हे सगळं मला सांगितलं, तोच तिचा शेवटचा फोन. अर्ध्याच फायली वर ठेवल्या तर, असा हिशेब तिने पुन्हा मांडून पाहिला होता. बसत नव्हता. "मला त्यांची गादी दिसते रे," ती म्हणाली, "पण स्लॅबला नाही ना दिसत…" मग खरवईकडच्या डोंगरावर ढग कसे टेकलेत ते सांगत बसली. दुसऱ्या दिवशी आणखी एकदा आकडे बघून ती लेखी देणार होती. त्याच रात्री ती झोपेतच गेली.

पुढे कविताकडून कळलं की वरचं काम घेतलेल्या ठेकेदाराने दुसरा इंजिनीअर आणला. तो दहा मिनिटांत वर जाऊन आला आणि कपाटं भिंतीला लावा, काही होत नाही, असं लिहून सही करून गेला. मी ऐकून घेतलं. जागा त्यांची, पैसे त्यांचे. पण ताईच्या पर्समध्ये त्या दुसऱ्या मजल्याची किल्ली निघाली, ती परत करायला गेल्या आठवड्यात उल्हासनगरला गेलो.

गादी दिसली नाही. तिच्या जागी लोखंडी रॅक, जमिनीपासून छतापर्यंत फायली, आणि टेकूभाई बाहेर ओट्यावर प्लॅस्टिकच्या खुर्चीत, पाय जवळजवळ गल्लीत.

"सही तर मिळाली होती ना तुम्हाला?" मी विचारलं.

"मिली. जेब में लेके ऊपर गया." ते गुडघा चोळत राहिले. "उसके जैसा खड़ा रहा, आँख बंद करके. मज़ाक में… साईं, लोग दिखने लगे. कविता की लड़कियाँ, पूजा में आधी गली, मेरा पोता भी. फिर नीचे आके तक्क्या उठाया." त्यांनी माझ्या हातातली किल्ली घेतली नाही. "ऊपर दे आ. देख भी ले."

मी जिना चढलो. हॉल उजेडाने भरला होता. भिंती मोकळ्या, खिडक्यांत कुणी तुळस, कुणी मनीप्लांट ठेवलेला, टेबलांपाशी मुली खाली माना घालून काम करत होत्या आणि मध्ये चालायला ऐसपैस जागा. दारापाशी बसलेल्या मुलीने वर बघितलं. "काका, कुणाला भेटायचंय?"

"कुणाला नाही," मी म्हटलं. "माझी बहीण इथलं काम बघत होती." किल्ली तिच्या टेबलावर ठेवली. ती उठली आणि तिने स्वतःची खुर्ची माझ्याकडे सरकवली. मी थोडा वेळ बसलो.