शेजारणीची डिश

आमच्या शारजाच्या बिल्डिंगमध्ये समोरच्या फ्लॅटात एक जर्मन बाई राहायच्या. शाळा संपताच त्या चिनी मातीच्या कारखान्यात लागल्या आणि जन्मभर डिशांवर तोच एक गुलाब काढत बसल्या. मागे शिक्का कारखान्याचा, बाईंचं नाव कुठेच नाही. आमच्या इथल्या मराठी मंडळात दोन वारली चित्रं काढून व्हिजिटिंग कार्डावर 'आर्टिस्ट' छापणाऱ्या बायका आहेत. त्यांना हे सांगूनही पटलं नसतं.

नवऱ्याच्या नोकरीपायी इथे आल्यावर बाईंनी पहिल्यांदा स्वतःसाठी ब्रश धरला. जुन्या कारखान्याच्या कोऱ्या डिशवर त्यांनी वांगी, लिंबं आणि शेवग्याची शेंग काढली, कोपऱ्यात आपलं पूर्ण नाव घातलं. पुढच्या आठवड्यात प्रदर्शन होतं, त्यांच्या नावाचं पहिलंच. पण तेलात कालवलेला हा रंग भट्टीत भाजल्याशिवाय पक्का होत नाही आणि भट्टी उम्म अल कुवैनला. माझा नवरा कामासाठी तिकडे जातो.

"नो टेन्शन मॅडम, उद्या मॉर्निंगला ड्रॉप करतो, इन्शाल्ला," म्हणून त्यानं डिश घरी आणली आणि ठेवली कुठे, तर स्वयंपाकघराच्या ओट्यावर! मग साहेब जिमला गेले. पोट तसूभर कमी होत नाही, पण जिम चुकत नाही.

व्हिजिट व्हिसावर आलेल्या सासूबाईंचे हात भांडं दिसलं की शिवशिवतात. मी ट्रॅफिकमधून रखडत घरी पोचले, तेव्हा डिश पांढरीशुभ्र होती आणि तिच्यावर बेसनाचे लाडू रचलेले.

"शेजारणीचं भांडं रिकामं पाठवू नये गं. केवढी तेलकट होती! घासता घासता नक्षीच निघाली. हलकी असणार."

"आजी, दॅट वॉज आर्ट!" मुलगी किंचाळली. तेवढ्यात नवरा घामाघूम होऊन आला, डिश पाहिली आणि "खलास" एवढंच म्हणाला.

बेल वाजली. दारात जर्मन बाई, डिश गुंडाळायला मऊ दुलई घेऊन.

सासूबाईंनी लाडू डब्यात काढले आणि डिश उलटी करून कौतुकानं पुढे धरली. "बघा, एवढी घासली तरी कंपनीचा शिक्का जरासुद्धा गेला नाही."

आम्हा दोघांची हिंमत होईना, म्हणून मुलीनंच ते इंग्रजीत सांगितलं.

बाईंनी शिक्क्यावरून अंगठा फिरवला.

"नाही," त्या म्हणाल्या, "तो कधीच जात नाही."