धुवायचं पाणी

चंद्रभान माळी अमरावतीचा. बापाचा भाजीचा मळा मोठ्या भावाने सांभाळला आणि हा गेला रेल्वेच्या सडकेची मोजणी करणाऱ्या एका साहेबाचा तंबू वाहायला. साहेबाला फोटो काढायचा नाद होता. चार वर्षं चंद्रभानने त्याच्या काचा धुतल्या, बाटल्या भरल्या, शिव्या खाल्ल्या. साहेब विलायतेला परतला तेव्हा जुना कॅमेरा, तिवई आणि औषधांची पेटी त्याला देऊन गेला. आता तरी हा मळ्यात येईल असं भावाला वाटलं होतं. तो कसला येतो.

त्या काळी फोटो म्हणजे ओल्या काचेचं काम. काचेवर चिकट औषध ओतायचं, ती चांदीच्या पाण्यात बुडवायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची आणि वाळायच्या आत फोटो उठवून घ्यायचा. वऱ्हाडच्या उन्हात काच बघता बघता वाळते. साहेबाची पुस्तकं विलायतेच्या हवेत लिहिलेली, त्यात यावर अक्षर नव्हतं. म्हणून चंद्रभानने आपलेच उपाय काढले. कॅमेऱ्यावर तो ओलं गोणपाट टाकायचा. पिवळ्या उजेडाने औषध बिघडत नाही, म्हणून अंधाऱ्या खोलीच्या खिडकीला साहेब पिवळी काच लावायचा, याने हळदीत दोनदा बुडवलेलं मांजरपाट लावलं. उन्हाने हळद उडते, म्हणून चार दिवसांनी पुन्हा बुडवायचं, एवढंच. माणूस हलू नये म्हणून साहेब मानेमागे लोखंडी चिमटा द्यायचा. चंद्रभानने कापसाने गच्च भरलेली गोणी पाठीशी दिली. चिमट्यातला माणूस पकडून आणल्यासारखा दिसतो, गोणीला टेकलेला घरी बसल्यासारखा दिसतो. हे त्याला साहेबाआधी कळलं होतं, असं मला वाटतं.

अमेरिकेत लढाई पेटलेली होती आणि इकडे कापसाला कधी नव्हे तो भाव आला होता. अकोल्याच्या वरच्या अंगाला, पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात, सूर्यभान नावाचा शेतकरी होता. तो कापसाच्या गाड्या घेऊन अमरावतीला आला आणि बाजारातून थेट चंद्रभानच्या दारात उभा राहिला.

"माह्या घरी चाला," तो म्हणाला. "घरवालीच्या छातीचं दुखनं हाय. वैद्यानं हात टेकले. पोरगी दोन वर्साची हाय."

"फोटो कोनाचा काढाचा?"

"तिचाच. मी बी दोन वर्साचा होतो तवा माही माय गेली. तिचं तोंड कसं होतं, मले मालूम नाई. माह्या पोरीचं तसं नाई झालं पायजे."

चंद्रभानने त्याच दिवशी छकडा जोडला.

घर मोठं होतं. सूर्यभानची विधवा बहीण मनकर्णाबाई सगळं बघायची. बायको गोदाबाई ओसरीवर उशीला टेकून बसलेली आणि जमुना, म्हणजे ती पोरगी, तिच्या पदराशी. चंद्रभानने एका खोलीला हळदीचं कापड लावलं आणि मनकर्णाबाईला म्हणाला, "काचा-भांडे धुवाले पानी पायजे." तिने दोन घागरी भरून ठेवल्या. त्याने काचेची कुंडी खळखळून धुतली आणि चांदीचं पाणी तिच्यात ओतलं.

ते ताकासारखं पांढरं झालं.

चंद्रभानने आधी मुंबईच्या औषधवाल्याला शिव्या दिल्या, मग हळदीला. घामाघूम होऊन बाहेर आला, त्याच घागरीतलं ओंजळभर पाणी तोंडात घेतलं आणि थुंकला.

"बाई, हे तं खारं हाय."

"मंग?" मनकर्णाबाई म्हणाली. "धुवाचं पानी खारंच असते. गोडं पानी दीड कोसावरून डोक्यावर आनतो आमी. ते काय काचा धुवाले द्याचं? पियाले मांगतलं असतं तं गोडंच देल्लं असतं."

तिचं काहीच चुकलं नव्हतं. त्या गावात पाहुण्याला गोडं पाणी देणं हाच मोठा मान आणि धुण्याला ते वापरणं हे पाप. चुकलं होतं चंद्रभानचं. चांदीच्या पाण्याचं मिठाशी वैर असतं, हे साहेबाने त्याला शंभरदा सांगितलं होतं. पण अमरावतीच्या मळ्यातल्या विहिरीचं पाणी गोड, त्यामुळे पाण्याची चव विचारायची असते हे त्याच्या डोक्यातच आलं नाही. माळ्याच्या पोटी जन्मून पाणी ओळखता आलं नाही, याची त्याला भयंकर लाज वाटली.

नवं औषध मुंबईहून यायला महिना लागला असता. गोदाबाईकडे बघून महिन्याची गोष्ट काढायची त्याची छाती झाली नाही.

मग त्याला आठवलं. साहेबाची बाटली एकदा अशीच गढुळली होती आणि साहेबाने ती उन्हात ठेवून निवळून घेतली होती. चंद्रभानने ते पांढरं पाणी बाटलीत भरून सरळ उघड्या अंगणात ठेवलं. सूर्यभानच्याच ढिगातला कापूस घेतला, तेल निघावं म्हणून राखेच्या पाण्यात उकळला, गोड्या पाण्यात दोनदा धुतला. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत बाटलीतलं पांढरं जांभळट होऊन तळाशी बसलं होतं. वरचं पाणी त्याने त्या कापसातून गाळलं. निवळ आलं, पण त्यातली चांदी कमी झाली होती. एरवी कॅमेऱ्याचं झाकण काढून सहा आकडे मोजायचे, तिथे आता बारा मोजावे लागणार होते.

सकाळपासून मनकर्णाबाईने गोड्या पाण्याच्या दोन खेपा केल्या होत्या. ते सगळं पाणी काचेसाठी गेलं आणि घर दिवसभर खारं पाणी प्यालं. गोदाबाईसाठी तांब्याभर गोडं काढून ठेवलं होतं, तेही गोदाबाईने अंधाऱ्या खोलीत पाठवलं.

ओसरीच्या सावलीत गोणी लावून तिला बसवलं. जमुना तिच्या मांडीवर. पोर गप्प राहावं म्हणून चंद्रभानने तिच्या बोटांना गूळ लावला आणि हातात कापसाचा पुंजका दिला. एका बोटाचा कापूस सोडवावा तर दुसऱ्याला चिकटतो, पोर त्यातच गुंगून जातं. ही युक्ती कधी फसली नव्हती, पण तेव्हा सहाच आकडे मोजायचे असत.

"वहिनी, खोकला येऊन जाऊ द्या. मंग मले मान हालवून सांगा."

ती खोकली, श्वास घेतला, मान हलवली. चंद्रभानने झाकण काढलं. सातव्या आकड्याला जमुनाने कापूस सोडला आणि वर तोंड केलं. बारापर्यंत तिचं डोकं काही स्थिर झालं नाही. गोदाबाई मात्र पापणीसुद्धा न हलवता बसून होती.

काच धुऊन, चित्र उठून दिसावं म्हणून मागे काळं कापड लावून त्याने बाहेर आणली. गोदाबाई लख्ख आली होती, कपाळावरच्या कुंकवासकट. मांडीवर मात्र नुसता धुरकट पांढरा डाग.

"पोरगी बिघडली," चंद्रभान म्हणाला. त्याला रडू येत होतं. "उद्या पानी आनून पुन्हा..."

गोदाबाईने काच मांडीवर घेऊन पुष्कळ वेळ पाहिली.

"काहून पुन्हा?" ती म्हणाली. "तिले तं तुमी सारे रोजच पाहसान. मी आली नं, बस झालं."

वैशाखात ती गेली.

चंद्रभान नंतर पंचवीस वर्षं फोटो काढत वऱ्हाडभर फिरला. कुठल्याही गावात गेला की छकड्यातून उतरून आधी पाणी मागायचा, तेही पियाचं. घोटभर चाखायचा आणि चमचाभर पाण्यात चांदीच्या पाण्याचा थेंब टाकून पाहायचा. लोक हसायचे. तो हसू द्यायचा.

जमुना सासरी अचलपूरला गेली ती काच बासनात गुंडाळून. आलं-गेलं कुणी विचारायचं, मांडीवर हे धुकं कशाचं.

"ते मी होय," ती सांगायची. "मायकडे पाहून राहिली होती."