पारोळ्याला उतरवलेला प्रवासी

मी बसवर कंडक्टर होतो. नोकरीची शेवटची कितीतरी वर्षं धुळे ते जळगाव याच रस्त्यावर गेली. फागणे, मुकटी, पारोळा, एरंडोल, पाळधी. झोपेतून उठवून विचारलं असतं तरी थांबे ओळीने सांगितले असते.

रिटायर झालो आणि वर्षभरात दारूने मला पुरतं गाठलं. नोकरीत असताना ड्युटी संपल्यावर घ्यायचो. मग ड्युटीच उरली नाही, त्यामुळे संपण्यासारखं काही राहिलं नाही आणि सकाळपासूनच सुरू व्हायला लागलं. शेवटी बायकोने आणि मुलीने मिळून मला जळगावबाहेरच्या एका संस्थेत दाखल केलं. पुढच्या बाजूला आमचा व्यसनमुक्तीचा वॉर्ड आणि मागे, एकाच भिंतीपलीकडे, रस्त्यावर सापडलेल्या मनोरुग्णांचा निवारा. माझ्या खाटेशेजारच्या खिडकीतून मागचं अंगण दिसायचं. तिथे माणसांना आंघोळी घालत, वाढलेल्या जटा कापत, जखमा धूत. सुरुवातीला मी तोंड फिरवून झोपायचो. नंतर बघायला लागलो.

बरा होऊन निघालो तेव्हा संस्था चालवणाऱ्या ताई म्हणाल्या, “नाना, घरी बसून काय करणार? उद्यापासून इथेच या. तुम्हाला सगळी गावं माहीत आहेत. आम्हाला तसा माणूस हवाय.”

काम असं होतं, की औषधं लागू पडायला लागली की निवाऱ्यातली माणसं हळूहळू बोलू लागतात. पण पत्ता सरळ सांगत नाहीत. कुणी सांगतं, आमच्याकडे पाट आहे. कुणी सांगतं, बस वळते तिथे वखार आहे. एक बाई दोन महिने एवढंच म्हणायची, की आमच्या घरासमोर केळीचे ट्रक उभे राहतात आणि ट्रकवाले आमच्याकडे पाणी मागतात. मी तिच्याजवळ बसलो, आणखी चार गोष्टी विचारल्या आणि ताईंना सांगितलं, केळीचा मोठा बाजार सावद्याला भरतो, तिथे जाऊन बघा. तिसऱ्या दिवशी तिचे वडील पायात चप्पल नसताना धावत आत आले. त्या दिवसापासून सगळे मला मानू लागले. मलाही स्वतःबद्दल बरं वाटायला लागलं होतं. खूप दिवसांनी.

ज्याची ही गोष्ट आहे, त्याला आणलं ते पारोळ्याच्या बसस्टँडवरून. तिथल्या एका चहावाल्याने फोन केला होता, की माणसाच्या पायात किडे पडलेत, लवकर या. मीही गाडीत होतो. चाळिशीचा असेल. दाढी छातीपर्यंत, अंगावर एकावर एक तीन शर्ट. गाडीत चढायला त्याने खूप त्रास दिला. मी हात धरायला गेलो तर दोन्ही हातांनी डोकं झाकून खाली बसला. मला वाटलं, रस्त्यावर कुणीतरी मारलं असेल.

चार महिने गेले. पाय भरून आला. डॉक्टर आठवड्यातून दोनदा यायचे, त्यांच्या गोळ्यांनी तो शांत झाला. सकाळी उठून स्वतःची चादर घडी करायचा, स्वयंपाकघरात भाजी चिरून द्यायचा. इतरांशी थोडंफार बोलायचा. मी जवळ गेलो की मात्र उठून जायचा. मी ते लाजाळूपणात जमा केलं.

एके सकाळी ताई म्हणाल्या, “नाना, आज त्याच्याशी बोला. तो तयार वाटतोय.”

मी नाव-पत्त्याचा फॉर्म घेऊन अंगणातल्या कडुलिंबाखाली त्याच्यासमोर बसलो. या वेळी तो उठला नाही. भाजीची परात बाजूला ठेवली आणि माझ्याकडे नीट बघितलं.

“गाव कोणतं भाऊ तुमचं?”

“आसोदं,” तो म्हणाला.

मी पेन उचललं ते तसंच राहिलं. असोदा संस्थेपासून गाडीने दहा मिनिटांवर. आमच्या फाटकासमोरून तिथल्या मोटारसायकली दिवसभर ये-जा करायच्या.

“मग पारोळ्याला कसे काय पोहोचलात?”

 तो अगदी हळू आवाजात, रागावल्याशिवाय म्हणाला, “तुमीनंच तं उतारलं मले तिथी.”

मला वाटलं, आजाराचं बोलणं आहे. तशी माणसं काहीही म्हणतात, असं मी स्वतःला सांगितलं. हसूनसुद्धा बघितलं. “मी? कधी?”

“धुयाहून निघालो व्हतो. माह्यापाशी जयगावचं तिकीट व्हतं. तुमीनंच फाडलं. माहा भाऊ स्टँडवर येनार व्हता मले घ्याले.” मग त्याने दोन्ही हात वर केले आणि स्वतःच्या कानांवर ठेवले. “त्या बाईच्या कानावर मीनं असे हात ठेवले. म्हनून तुमीनं मले मारलं.”

ते हात बघून मला आठवलं.

दुपारची गाडी होती, खच्चून भरलेली. पाच वर्षांपूर्वीची गोष्ट. धुळ्याच्या स्टँडवर कुणीतरी, बहुतेक त्याचा खोलीतला सोबती, त्याला खिडकीजवळ बसवून गेला होता आणि मला म्हणाला होता, याला जळगावला उतरवा. अशा विनंत्या दिवसाला दहा येतात. मुकटी मागे पडलं आणि मागून बाईचा ओरडा आला. मी गर्दीतून वाट काढत गेलो, तर या माणसाने शेजारच्या बाईचं डोकं दोन्ही हातांत धरलं होतं. बाई रडत होती. लोक ओरडत होते, हाणा त्याला. आणि मी हाणलं. एक सणसणीत थोबाडीत. तो तिकीट दाखवत होता, काहीतरी सांगत होता, ऐकायला कुणाला वेळ होता? पारोळा आलं तसं मी आणि दोन प्रवाशांनी त्याला दारातून खाली ढकललं. मी डबल बेल दिली आणि गाडी निघाली. मागे कुणीतरी म्हणालं, कंडक्टर असावा तर असा.

“का धरलं होतं तिला?” मी विचारलं. 

“धरलं नाही,” तो म्हणाला. “तवा मले आवाज यायचे. लय घान शिव्या द्यायचे. त्या दिवशी ते तिले शिव्या देत व्हते. तिच्या कानात जाऊ नही म्हनून मीनं तिचे कान झाकले.”

मी फॉर्म मांडीवर ठेवून बसून राहिलो.  समोरच्या माणसाने एका अनोळखी बाईला वाचवायला हात पुढे केले होते, आणि मी तेवढ्यासाठी त्याला पाच वर्षं रस्त्यावर टाकलं होतं. पारोळ्याहून जळगाव तासा-सव्वातासाचा रस्ता. तेवढा वेळ मी त्याला माझ्या सीटवर बसवून स्वतः उभा राहिलो असतो, तर तो संध्याकाळी घरी जेवला असता.

“तुम्हाला पहिल्या दिवसापासून माहीत होतं? मी तोच आहे म्हणून?”

त्याने होकारार्थी मान हलवली आणि परात पुन्हा ओढून घेतली.

मी ताईंच्या खोलीत गेलो आणि उभ्याउभ्याच सगळं सांगून टाकलं. त्यांच्या हातात फोन होता, तो त्यांनी उलटा करून टेबलावर ठेवला. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. त्यांची समजूत काढणारी नजर मला ठाऊक होती. ती ही नव्हती.

“उद्या असोद्याला गाडी काढायची,” त्या म्हणाल्या. “तुम्ही येणार आहात की नाही, तेवढं सांगा.”

“येतो.”

घरी आलो. बायकोने चेहरा बघूनच विचारलं, “काय झालं?” तिला वाटलं मी पुन्हा प्यायलो. मी तोंडाचा वास घ्यायला लावला आणि मग सांगितलं. ती ऐकत गेली आणि मध्येच म्हणाली, “थांबा. मला हे माहीत आहे. त्या दिवशी तुम्ही घरी येऊन सांगितलं होतं. एका लोचटाला कसा धडा शिकवला ते.” मग पदर तोंडावर धरून म्हणाली, “मी म्हटलं होतं, बरं केलंत.”

त्या रात्री आम्ही दोघंही जेवलो नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं निघालो. तो, ताई आणि मी. रस्ताभर तो खिडकीबाहेर केळीच्या बागा बघत होता. गाव जवळ आलं तसं त्याने ड्रायव्हरला वळणं सांगायला सुरुवात केली, एकही चुकलं नाही. घरासमोर गाडी थांबली. ओट्यावर त्याच्याहून थोडा मोठा दिसणारा एक माणूस कापसाचं पोतं शिवत बसला होता. त्याने वर बघितलं, सुई हातातून पडली. तो ओरडला नाही, रडला नाही. खाली उतरला आणि भावाचं तोंड, खांदे, हात चाचपत राहिला, कुठे काही कमी तर झालं नाही ना, ते बघितल्यासारखा. आतून वहिनी आली, शेजारी जमले.

“माय कोठी हे?” यानं विचारलं.

भावाने वहिनीकडे बघितलं. वहिनीने खाली. आई तीन वर्षांपूर्वी गेली होती.

तो ओट्याच्या पायरीवर बसला. मीही गर्दीच्या कडेला उभा होतो. भाऊ ताईंना सांगू लागला. कुठे कुठे शोधलं, किती स्टेशनं पालथी घातली. “त्या दिवशी मी जयगावच्या स्टँडवर सकायपासून व्हतो,” तो म्हणाला. “धुयाची ती गाडी आली, सगये उतरले, हा नही. मीनं कंडक्टरले इचारलं. माहा भाऊ व्हता का गाडीत, असा असा दिसतो. तो म्हने, असा कोनीच नव्हता माह्या गाडीत. मंग आमी धुयातच शोधत राह्यलो. पारोयाले कोन जातं?”

 हे मी विसरलो होतो. मार आठवला होता, ढकलणं आठवलं होतं. हे नव्हतं आठवलं. स्टँडवर घामेजलेला एक माणूस माझ्या खिडकीशी आला होता आणि तक्रार होईल या भीतीने मी त्याला खोटं सांगितलं होतं. एका वाक्यात. हिशोबाची बॅग काखेत मारून चालता झालो होतो.

पायरीवर बसलेला माणूस माझ्याकडे बघत होता. तो काही बोलणार नाही हे मला कळलं. ताईही बोलणार नव्हत्या. मी गप्प राहिलो असतो तर त्या घरात मला चहा मिळाला असता.

“तो कंडक्टर मी होतो,” मी म्हणालो.

भावाला आधी कळलंच नाही. मग मी सगळं सांगितलं, थोबाडीत मारल्यापासून खोटं बोलल्यापर्यंत. बोलताना मी त्याच्या पायांकडेच बघत होतो. माझं सांगून संपलं. मला वाटलं, हा आता मारणार. मारलं असतं तर बरं झालं असतं. भाऊ वळला आणि आत निघून गेला. बराच वेळ बाहेर आला नाही. वहिनी ताईंना म्हणाली, “यायले जाऊ द्या आता.” माझ्याशी ती बोलली नाही.

तो आता असोद्यालाच असतो. भावाबरोबर शेतात जातो. महिन्यातून एकदा औषधं न्यायला स्वतः संस्थेत येतो. भावाने निरोप पाठवला होता, की तुमच्याकडून कुणीही या, तो माणूस आमच्या दारात नको. त्यामुळे घरी भेट द्यायला दुसरा कार्यकर्ता जातो. ते बरोबरच आहे. एकदा औषधं देताना मी त्याला विचारलं, माझ्यावर राग आहे का. तो म्हणाला, “हे ना. लय हे.” आणि मग, “गोया मोजून द्या. मागच्या खेपेले एक कमी व्हती.” मी मोजून दिल्या.

या पावसाळ्यानंतर ताईंनी मला एका आगारात पाठवलं. कंडक्टर-ड्रायव्हरांच्या विश्रांतीच्या खोलीत, दुपारी. संस्थेची माहिती द्यायची, फोन नंबर द्यायचा, एवढंच काम होतं. मी नंबर दिला आणि मग ही हकीकत सांगितली, काही न लपवता. पंधरा-वीस जण होते. कुणी डबा खात होतं, कुणी पाय पसरून पडलं होतं. 

मग एक जण उठून बसला. माझ्याहून थोडा लहान, रिटायरमेंटला आलेला.

“नाना, मी एका म्हाताऱ्याला उतरवलंय. चाळीसगावच्या अलीकडे, फाट्यावर.”

त्याच्या पलीकडचा म्हणाला, “मी एका बाईला. नरडाण्याला. अंगावर धड कपडा नव्हता तिच्या.”

खिडकीजवळच्याने डब्याचं झाकण लावलं. “मी दोघांना,” तो म्हणाला. पुढे गाव सांगेना.

मला धक्का बसला होता लिंबाखाली, मग असोद्याला. पण त्या खोलीत जे वाटलं त्याला मला शब्द सापडत नाही. मी तिथे गेलो तेव्हा मला वाटत होतं, की मी एक वाईट माणूस आहे. आणि इथे सगळी साधी, घरदार असलेली, कष्टाने नोकरी करणारी माणसं एकामागून एक गावांची नावं घेत होती.

मी फॉर्मच्या मागच्या बाजूला लिहून घेत गेलो. कोणतं गाव, कोणता थांबा, माणूस कसा दिसत होता. कुणाला सालं आठवत नव्हती, कुणाला चेहरे. कागद भरला, तेव्हा एकाने आपल्या डायरीचं पान फाडून दिलं.

संस्थेची गाडी त्या सगळ्या थांब्यांवर जाऊन आली. नरडाण्याची बाई सापडली. बाकीच्यांना तिथल्या टपरीवाल्यांनी पाहिलेलं होतं. पुढे कुठे गेले, हे कुणाला सांगता आलं नाही.